छाट

पान पाच. रात्रीचे पावणेअकरा.
लग्नसराईच्या शालूंची जाहिरात ऐनवेळी आली
आणि खेळाच्या बातमीला उरल्या
अकरा ओळी.

बातमीदारानं पाठवलं होतं सगळं.
पार्क मैदान, राज्य खो-खो, मुलींचा अंतिम सामना.
स्रवंती मेरगू, राहणार विडी घरकुल,
पहिल्या डावात दोन मिनिटं चाळीस सेकंद पळाली,
दुसऱ्यात तीन दहा.
चार गडी टिपले, त्यातले दोन खांबावर.

(मुलींच्या सामन्यातही बाद होतो तो गडीच.
चौदा वर्षं हा शब्द मी तसाच पुढे सोडत आले.
दुसरा सुचला नाही
की शोधलाच नाही, आता सांगता येत नाही.)

फोटो दोन.
एकात ती जवळजवळ आडवी, हवेत,
डावा हात खांबाला, उजवा
पुढच्या पाठीपासून बोटभर लांब,
तोंड वेडंवाकडं, दातांत माती,
गुडघ्याची पट्टी सुटून लोंबतेय.
दुसऱ्यात घर. सुपात टेंभुर्णीची पानं,
आई विड्या वळतेय, शेजारी ही,
गळ्यात पदक, कानांत आईचे झुमके.
फोटोवाल्यानंच म्हणे घालायला लावले.

काचेपलीकडून आवाज आला,
हसरा घ्या. त्या दुसऱ्यात चेहरा कुठाय?

मी हसरा घेतला.
मथळा मीच दिला : विडीवालीच्या लेकीची सोनेरी भरारी.
आठ ओळी आईच्या कष्टांच्या.
एक, तिला स्वयंपाकाची आवड आहे.
(येत नाही, असं ती म्हणाली होती.)
एक, लग्नाचा विचार तूर्तास नाही.
शेवटची, सर्वत्र कौतुक होत आहे.
सेकंद बसले नाहीत.

तिसऱ्या दिवशी दुपारी अंबूबाई मेरगू ऑफिसात आल्या,
कारखान्यात हजार विड्या घालून परतताना,
रिकामी टोपली कमरेवर.
भांडायला नाही.
कात्रण टेबलावर ठेवलं,
पानं कापायच्या कातरीनं कापलेलं,
कडा माझ्या कुठल्याही पानापेक्षा सरळ.

"म्याडम, ही मी हाय.
मी कुठं खेळले की?"

मग खुर्चीच्या टोकाला बसून म्हणाल्या,
"किती मिनटं पळाली ते कुठंय ह्यात?
तिला इचारलं तर पायाला तेल लावून झोपती.
मला मोजून द्यायची सवय हाय.
हजाराला चाळीस कट्टे.
बारीक निघाली, जाड निघाली, चेकर छाट काढतो.
पैसे देत नाही त्याचे.
पर छाट परतबी देत नाही की,
तीबी इकतो."

मी चहा मागवला.
दुसरं काय करतात अशा वेळी, मला ठाऊक नाही.
त्यांनी बशीत ओतून, फुंकर न घालता प्यायला.

मूळ बातमी अजून मशीनमध्ये होती.
वाचून दाखवली. दोन चाळीस. तीन दहा.
"रेंडू नलभै," त्या ओठांतल्या ओठांत म्हणाल्या,
"मूडू पदि,"
आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरला,
जणू कट्टा बांधायच्या आधी
शेवटची विडी चाचपून बघावी.

कात्रण उलटं केलं त्यांनी.
मागे बाजार समितीतले कांद्याचे भाव.
"इथं लिहून द्या."
मी लिहिलं, लाल आणि पांढऱ्याच्या मधल्या जागेत,
बॉलपेननं, तारखेसकट.
खाली सही मागितली, तीही केली.
आजवर बातमीखाली माझं नाव कधी आलं नव्हतं.

घडी कनवटीला लावून उठल्या.
दारातून वळल्या. "आन् बाद किती केले?"

"चार गडी."

"पोरी असतील की,"
म्हणाल्या,
आणि अशोक चौकाची रिक्षा बघायला
जिना उतरून गेल्या.